पाहणाऱ्यालाही कायद्यात घ्या : विदर्भातल्या आमदारांना खुलं पत्र

प्रति,
विधानसभा आणि विधान परिषदेतले विदर्भाचे सर्व सदस्य,
मुक्काम नागपूर

विषय : कोंबडबाजार पाहायला जाणाऱ्यांबाबत कायद्यात दुरुस्ती करण्याविषयी

सन्माननीय सदस्यहो,

तुमचं हिवाळी अधिवेशन आणि आमच्याकडचा कोंबडबाजार, म्हणजे पैजा लावून खेळवलेल्या कोंबड्यांच्या झुंजी, यांचा हंगाम एकच. धान चुरून घरात आलं, मजुरीचे पैसे हातात पडले, की वैनगंगेच्या दोन्ही अंगांना गोल धरायला सुरुवात होते. जागा ठरलेल्या असतात. दोन गावांच्या शिवा मिळतात तिथली एखादी पडीत बांधी (धानाचं शेत), नाल्याचा काठ, नाहीतर जंगलाचा आडोसा. ठाण्याची हद्दही शक्यतो तिथंच बदलत असावी, म्हणजे इकडून गाडी आली की तिकडं सरकता येतं. त्याच दिवसांत 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे तुम्ही सगळे नागपूरला येता. म्हणून हे पत्र आत्ता लिहितोय. मार्चात मुंबईला पाठवलं असतं, तर हंगाम सरलेला असता आणि विषयही.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. नोकरीची सगळी वर्षं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गेली. डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, गावात लोक काहीही म्हणोत.

कोंबडबाजार वाईट आहे, हे पटवायला मी बसलेलो नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, ठाणेदाराला ठाऊक आहे आणि भरवणाऱ्यालाही ठाऊक आहे, नाहीतर त्यानं तो रानात कशाला भरवला असता? माझं मागणं एका माणसापुरतं आहे. कोंबड्याच्या पायाला कात, म्हणजे पातं, बांधणाऱ्याबद्दल, कोंबडा सोडणाऱ्याबद्दल, जागा देणाऱ्याबद्दल कायद्यात काही ना काही लिहिलेलं आहे. गोलाच्या कडेला उभं राहून पाहणारा मात्र त्यात कुठंच नाही.

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून बघा. कलम 11 प्रमाणे निव्वळ करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्याशी झुंजवणं हा गुन्हा आहे. झुंजीची जागा ठेवणं, चालवणं, त्यासाठी जागा देणं, लोकांना आत सोडायचे पैसे घेणं हाही गुन्हा आहे. म्हणजे आत सोडायचे पैसे घेणारा सापडला तर गुन्हेगार, पैसे देऊन आत गेलेला साव. आणि गुन्हेगाराला तरी शिक्षा किती? पहिल्या खेपेला 10 ते 50 रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर 25 ते 100 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कैक दशकांपूर्वीचे आहेत आणि तेच आजवर चालत आले आहेत. पन्नास रुपयांत आज बाजाराच्या दिवशी मोटारसायकल लावून एक प्लेट भजी खाल्ली की हिशेब संपतो.

त्यातही एक गोम आहे. याच कायद्याच्या कलम 31 प्रमाणे झुंजीची जागा चालवणं दखलपात्र आहे, पण प्रत्यक्ष कोंबड्याला चिथावून सोडणं त्या यादीत नाही. त्यामुळे पोलीस या कायद्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. पेपरात धाडीची बातमी येते ती बहुधा ‘महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, कलम 12 (ब)’ अशी. हा कायदा मूळचा मुंबई इलाख्यातला, 1887 सालचा. सार्वजनिक जागी पाखरं किंवा जनावरं झुंजवणाऱ्याला त्याखाली वॉरंटाशिवाय धरता येतं. त्याच्या लगेच पुढचं पोटकलम आहे तिथं हजर राहून अशा झुंजीला मदत आणि उत्तेजन देणाऱ्याबद्दल. वाचताना वाटतं, झालं की, प्रेक्षक आला. पण तो आलेला नसतो. हजर असणं पुरत नाही, त्यानं मदत केली हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसानं कोणती मदत केली, हे कोणता हवालदार साक्षीत सांगणार?

आता धाडीच्या वेळचं चित्र बघा. वाटेच्या तोंडाशी दोन पोरं बसवलेली असतात. त्यांचा मिस कॉल आला की पोलिसांची गाडी पोचेपर्यंत कोंबडे चुंगडीत (पोत्यात) जातात, कात तणशीच्या ढिगात जाते आणि पैसे तिसऱ्याच माणसाच्या कनवटीला. गोलातले सगळे, अगदी आत्ता कोंबडा सोडून आलेलासुद्धा, मिनिटभरात प्रेक्षक होतात. “आमी त पाहाले आलो होतो जी. पाहाले बंदी हाय का?” बंदी नाही, हे त्याला पोलिसांपेक्षा पक्कं ठाऊक असतं. मग पंचनाम्यात उरतं काय, तर पळता न आलेली चार माणसं, मेलेला एखादा कोंबडा आणि मागं राहिलेल्या मोटारसायकली. भरवणारा त्या यादीत सापडला तर नशीब.

म्हणून माझं म्हणणं आहे की पाहणाऱ्याला सोडून बाकीच्यांना धरायचा कायदा हा कोणालाच न धरायचा कायदा आहे. नुसती पळवाट एवढंच कारण नाही. पैसाही तिथूनच येतो. दोन कोंबड्यांच्या मालकांची आपसातली पैज ठरलेली असते, तिची रक्कम एकदा ठरली की वाढत नाही. वाढते ती कडेवरची. “काळ्यावर पाचशे”, “लालावर हजार”, अशी बोंब गोलाभोवती फिरत राहते आणि जितकी माणसं जास्त तितकी ती चढत जाते. भरवणारा दर झुंजीमागे आपला कट्टा, म्हणजे वाटा, काढतो. शेजारी झंडीमुंडीचा, म्हणजे फाशांच्या जुगाराचा, पट पडलेला असतो, उकडलेली अंडी असतात, आणि दारू असते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, तरी कोंबडबाजारात मोहाची बाटली मिळाली नाही असं मी ऐकलेलं नाही. हा सगळा पसारा दहा-पंधरा कोंबड्यांच्या जिवावर उभा राहत नाही. शंभर-दोनशे माणसं पाहायला येतात, त्यांच्या खिशावर तो उभा राहतो. ती आली नाहीत तर मालक लोक आपापले कोंबडे घेऊन संध्याकाळी घरी जातील.

तुम्ही म्हणाल, पाहणाऱ्यानं कोंबड्याचं काय वाकडं केलं? तर एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण पंचनाम्यात ती येत नाही.

दवाखाना बंद झाल्यावर, अंधार पडता पडता, माझ्या घराच्या मागच्या दारानं कोंबडे यायचे. पुढच्या दारानं कोणी आणत नसे. युरियाच्या रिकाम्या चुंगडीत गुंडाळलेला असील, म्हणजे झुंजीच्या जातीचा कोंबडा, तीन-साडेतीन किलोचा, मान ताठ, डोळा उघडा. कातीचा घाव बाहेरून फार मोठा दिसत नाही. पात्याच्या रुंदीएवढी चीर, तीही पिसांखाली. चार पिसं उपटून बोटानं चाचपलं की ती किती खोल गेली आहे ते कळतं. पाखराच्या फुप्फुसाला हवेच्या पातळ पिशव्या जोडलेल्या असतात, पार पोटापर्यंत. त्यातली एखादी फाटली की दर श्वासाला जखमेतून रक्तासोबत बुडबुडे येतात आणि थोड्या वेळात कातडीखाली हवा भरून छातीची एक बाजू फुगते. दाबलं तर हाताखाली चुरचुरतं. एवढ्या कोंबड्याच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर, आणि त्यातलं बरंचसं चुंगडीला लागलेलं असायचं. मालक विचारायचा, “पुढच्या बाजारापावतर उभा होईल ना जी?” मी टाके घालायचो. समोर जनावर होतं, दुसरं काय करणार?

हा घाव कोंबड्याच्या स्वतःच्या हत्यारानं होत नाही, हेही लक्षात घ्या. कोंबडे आपसात भांडतात, उकिरड्यावर रोज भांडतात, एक हरतो आणि पळून जातो. कोंबडबाजारात त्याच्या पायाला लोखंडी पातं बांधलेलं असतं, बांधीपर्यंत त्यावर कापडाची पट्टी असते आणि सोडताना ती काढतात. झुंज कधीकधी एका उडीत संपते. पाहणाऱ्यांना हवी असते ती हीच उडी. कात नसलेल्या झुंजीला गर्दी होत नाही. म्हणजे पातं मालकानं बांधलेलं असलं तरी ते बांधायला लावणारे कडेला उभे असतात.

आणि ते पातं कोंबडा-माणूस असा फरक करत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये गोदावरीपलीकडे, तेलंगणातल्या जगतियाल जिल्ह्यात, कात बांधलेला कोंबडा निसटताना मालकाच्याच जांघेत ती घुसली आणि दवाखान्यात नेईपर्यंत माणूस गेला. आपल्याकडे गोलाच्या पहिल्या रांगेत पोरं बसलेली असतात.

पोरांचं सांगायलाच हवं. टाके घालताना कोंबडा धरायला कोणीतरी लागतं. बापासोबत सहावीतला एक मुलगा यायचा. धरायचा मोठा छान, पंख आवळून, पाय बोटांच्या फटीत. एकदा त्यानं मला न विचारताच समजावून सांगितलं, कात डाव्या पायाला का बांधतात, दोऱ्याचे वेढे किती, आणि हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा कसा होतो. सांगताना त्याच्या मांडीवर तो जखमी कोंबडा हलत होता. मुलगा क्रूर नव्हता हो. त्यानं पाहिलेलं होतं, एवढंच.

आता कायद्याकडे परत येतो. हजर असण्यालाच गुन्हा मानणं आपल्याला नवीन नाही. त्याच 1887 च्या कायद्याच्या कलम 5 मध्ये, जुगाराच्या अड्ड्यावर जुगार चालू असताना जो सापडेल तो जुगारासाठीच आला होता असं धरून चालतात. उलट सिद्ध करायचं असेल तर त्यानं करावं. म्हणजे चार भिंतींच्या आत बावन पत्ते पिसले जात असतील तर कडेला बसलेल्यावर संशय, आणि उघड्यावर जिवंत पाखरं कापली जात असतील तर कडेला उभा असलेला निर्दोष. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात, सात कलमांच्या अंतरानं. 1887 मध्ये ज्यांनी हे लिहिलं त्यांना पैशाची फिकीर होती, पाखराची नव्हती, हे समजू शकतं. आपण ते तसंच का ठेवलं आहे?

इतर देशांनी हा रस्ता केव्हाच तुडवला आहे. इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजी 1835 सालीच बंद झाल्या. तिथल्या 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यात झुंजीच्या जागी कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना हजर असणं हाच वेगळा गुन्हा आहे. अमेरिकेत तर आपल्यासारखंच झालं. एकेका राज्यानं बंदी घालत घालत शेवटी 2008 मध्ये लुईझियानानं घातली, तरी झुंजी थांबेनात. धाड पडली की तिथंही झुंजवणारे गर्दीत मिसळायचे आणि पाहुणे व्हायचे. मग 2014 च्या शेतीविषयक कायद्यात त्यांनी संपूर्ण देशासाठी लिहिलं : झुंज पाहायला जाल तर एक वर्षापर्यंत कैद, आणि सोळा वर्षांखालच्या पोराला घेऊन जाल तर तीन वर्षांपर्यंत. मुलाला नेण्याची शिक्षा स्वतः जाण्याच्या तिप्पट ठेवली, हे मला त्या कायद्यात सगळ्यात पटलं. एक वर्षाची कैद मात्र आपल्याकडे नको. त्याचं कारण पुढे लिहितो.

“हे केंद्राचं काम, राज्याच्या हातात काही नाही,” असं उत्तर मला एका मोठ्या माणसाकडून आधीच मिळालेलं आहे. ते खरं नाही. प्राण्यांवरची क्रूरता हा समवर्ती सूचीतला विषय आहे, आणि राज्य काय करू शकतं ते तुम्हीच करून दाखवलं आहे. शंकरपट आठवा. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर आपल्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. तळेगाव दशासरचा पट थांबला तेव्हा आमच्या भागातसुद्धा लोक हळहळले होते. तुम्ही 2017 मध्ये याच 1960 च्या कायद्याला महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती आणली, कोर्टात लढलात. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ती दुरुस्ती कायम केली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलाची तपासणी हवी, आणि अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पटात बैलाला छळलं तर पाच लाख, कोंबडबाजारात कोंबडा कापला तर पन्नास रुपये, असा एकाच कायद्याचा आजचा भाव आहे. आणि 2014 च्या त्याच निकालात न्यायालयानं संसदेला कलम 11 च्या शिक्षा वाढवायला सांगितलं होतं, तो भाग कोणी मोठ्यानं वाचत नाही.

जुगाराचं तर त्याहून सोपं आहे. पैज आणि जुगार हा राज्य सूचीतला विषय आहे. कलम 12 मध्ये एक ओळ घालायला तुम्हाला दिल्लीकडे बघायची गरज नाही.

आता हरकती. मी गावातच राहतो, त्यामुळे त्या तुमच्याआधी माझ्यापर्यंत पोचतात.

पहिली हरकत परंपरेची. गडचिरोलीत, गोंदियाच्या पूर्वेला, पलीकडे बस्तरात, आदिवासी गावांत कोंबड्यांची झुंज जुनी आहे, हे खरं आहे. देवाला कोंबडा कापतात तो वेगळा विषय आहे, 1960 च्या कायद्याचं कलम 28 धर्माच्या रिवाजानं कापण्याला हात लावत नाही आणि मीही लावणार नाही. पण आज शिवेवर जो बाजार भरतो त्यात चारचाक्या छत्तीसगड आणि तेलंगणाच्या पासिंगच्या असतात आणि पैजेचे पैसे मोबाईलवर जातात. भरवणारा बहुधा गोंडही नसतो आणि माडियाही नसतो. परंपरेचं नाव तो वापरतो, आणि धाडीत नाव लिहिलं जातं ते तिथल्या पोराचं. तरीही पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या गावांतल्या, ग्रामसभांना आधी विचारा, अशी माझी सूचना आहे. दारूबंदीच्या वेळी गडचिरोलीच्या गावांनी जे उभं केलं ते नुसत्या खाकी वर्दीला कधी जमलं नसतं.

दुसरी हरकत करमणुकीची. “खेड्यातल्या माणसानं मग पाहायचं तरी काय?” हे बोलणारा माणूस झाडीपट्टीत कधी आलेला नसतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे रोज रात्री कुठं ना कुठं नाटक असतं. वडशाच्या कंपन्यांची तारीख मिळवायला गावं महिने आधी धावतात. तिकीट काढून, घोंगडं पांघरून, पहाटेपर्यंत माणसं बसतात. मंडईची जत्रा आहे, दंडारीचं लोकनाट्य आहे, दिवसा पट आणि रात्री नाटक असा बेत आहे. पाहण्याची हौस या मातीत भरपूर आहे आणि ती भागवायची सोयही आहे. पुढं जायला नको.

तिसरी हरकत मात्र खरी आहे, आणि ती तुमच्या सभागृहात कोणी घेतली नाही तर मलाच वाईट वाटेल. पाहणारा गुन्हेगार ठरला तर पोलीस पाहणाऱ्यांनाच धरत बसतील. भरवणारा हप्ता देऊन बाजूला होईल आणि चाळीस रोजमजुरांची नावं लिहून महिन्याचा आकडा पुरा होईल. हे होणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण आजही मोटारसायकली जप्त होतात त्या त्यांच्याच. ज्याची गाडी ठाण्यात सहा महिने पावसात उभी राहते त्याचा रोज बुडतो, आणि कायद्याच्या दृष्टीनं तर त्यानं गुन्हाच केलेला नसतो. म्हणजे त्याला शिक्षा आताही होतेच, फक्त ती कुठं लिहिलेली नाही आणि तिला मोजमाप नाही. लिहून द्या, म्हणजे निदान मोजमाप येईल.

म्हणून ओळ घालायची तर अशी घाला. जाणूनबुजून हजर असणं हा गुन्हा, आणि कलम 5 सारखंच गृहीत. पण गुराख्याला, शेजारच्या बांधीतल्या शेतकऱ्याला, वनरक्षकाला, बातमीदाराला, पोलिसांना खबर द्यायला गेलेल्याला वाजवी कारणाची वाट मोकळी. पहिल्या खेपेला फक्त दंड, तोही जागेवर हवालदाराच्या हातात द्यायचा नाही, कोर्टात भरायचा. रक्कम चार-पाच दिवसांच्या मजुरीएवढी ठेवा. यापेक्षा कमी ठेवली तर तो बाजाराचा खर्च समजून देईल, आणि महिन्याची मजुरी नेलीत तर घर बसेल. अटक नको, कोठडी नको, गाडीची जप्ती नको. पुन्हा सापडला तर मग वाढवा. पोरगं सोबत आणलेलं असेल तर पहिल्याच खेपेला वाढवा, आणि तो गुन्हा आणणाऱ्या मोठ्या माणसाचा.

आणि एक अट मी हात जोडून मागतो. भरवणाऱ्यावर आणि जागा देणाऱ्यावर आधी गुन्हा नोंदवल्याशिवाय एकाही प्रेक्षकावर नोंदवायचा नाही, असं कलमातच लिहा. परिपत्रकात नको, परिपत्रकं बदल्यांबरोबर जातात. ही एक अट असली की गर्दी धरून धाड साजरी करता येणार नाही. भरवणारा शोधावाच लागेल. उलट दंड टाळायला गर्दीतलेच दोघे-चौघे त्याचं नाव सांगतील. आज ते सांगत नाहीत, कारण गप्प राहून त्यांचं काही बिघडत नाही.

रोगाचं एक वाक्य राहिलं, खात्यातला माणूस म्हणून ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. दहा गावांचे कोंबडे एका गोलात एकमेकांच्या रक्तात लोळतात आणि त्याच रात्री दहा गावांच्या खुराड्यांत परत जातात. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, पसरवायला याहून सोयीचा बेत कोणाला सुचणार नाही. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनं गेले. त्याचा कोंबडबाजाराशी संबंध होता असं मी म्हणत नाही, पण तो विषाणू आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे आणि आपण हिवाळाभर पाखरांच्या जत्रा भरू देतो आहोत.

शेवटची मागणी जप्त कोंबड्यांची. खटल्यातल्या जनावरांची देखभाल कशी करायची, याचे केंद्राचे 2017 चे नियम आहेत. ते लिहिताना डोळ्यांपुढे गाय-बैल असावेत. एका ठाण्याच्या आवारात मी दोन असील पाहिले, एक जिन्याच्या कठड्याला बांधलेला आणि एक थेट मागच्या संडासाच्या दाराला, कारण जवळ बांधले तर पुन्हा झुंजतील. त्यातल्या एकाच्या पायाला कातीचा दोरा तसाच होता. मुद्देमाल आहे, सोडायचा नाही, असं हवालदारानं सांगितलं. त्याला स्वतःच्या डब्यातला भात घालत होता तोही तोच हवालदार. अशा कोंबड्यांसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वेगवेगळे पिंजरे, दाण्याचा खर्च, आणि फोटो-पंचनामा करून दोरा-कात वेगळी मुद्देमालात घ्यायची पद्धत, एवढं याच दुरुस्तीबरोबर करा. कोंबडा मालकाला परत जाऊ नये आणि ठाण्यातल्या हंडीतही जाऊ नये. यासाठी लागणारी रक्कम फार नाही, पण ती कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली यावी लागेल. पुरवणी मागण्या तुम्ही याच अधिवेशनात मांडता, त्यात ती बसू शकते.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
झाडीपट्टी, पूर्व विदर्भ